भाव एकदाच लिहायचा: जावा आणि एक्सएमएलने वेब ॲप कसं उभं राहतं

बाबा वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात एका गाळ्यावर मेहताजी होते. सकाळचे सौदे उरकले की तोच भाव त्यांना तीन ठिकाणी लिहावा लागे. गाळ्याबाहेरच्या फळ्यावर खडूने, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. शेठजींच्या वहीत, तारीख, गोणी आणि वजनासकट. आणि ज्या शेतकऱ्याचा माल विकला गेला त्याच्या पट्टीवर, हमाली, तोलाई, भाडं वजा करून. एकदा वहीत १४५० आणि पट्टीवर १५४० असं झालं. आकडा नेमका कुठे उलटला हे शोधण्यात बाबांची आणि शेठजींची अख्खी दुपार गेली, आणि शेतकरी तोवर गाळ्याच्या पायरीवर बसून होता.

मी ठाण्याहून रोज ऐरोलीला जातो आणि जावामध्ये प्रोग्रॅम लिहितो. कामावर नवीन मुलं येतात, एक्सएमएल म्हणजे नेमकं काय आणि त्याचा वेब ॲपशी संबंध काय असं विचारतात, तेव्हा मी त्यांना ही दुपार सांगतो. त्या सगळ्या तंत्राच्या मुळाशी एकच हट्ट आहे: भाव एकदाच लिहायचा. तो कुठे, कसा दिसेल हे वेगळ्या जागी ठरवायचं.

समजा आपल्याला बाजारभावाचं एक छोटं ॲप करायचं आहे. वेब पानावर आजचा तक्ता दिसावा, गाळ्यावर चिकटवायला छापील पत्रक निघावं, आणि मोबाईल ॲपला तोच आकडा मिळावा. आधी नुसता भाव लिहून ठेवू (आकडे नमुन्याचे आहेत):

<बाजारभाव दिनांक="१२-११">
  <माल नाव="कांदा">
    <आवक एकक="क्विंटल">९५००</आवक>
    <किमान>१२००</किमान>
    <कमाल>२१००</कमाल>
    <सर्वसाधारण>१७००</सर्वसाधारण>
  </माल>
  <माल नाव="लसूण"/>
</बाजारभाव>

हे खरंखुरं एक्सएमएल आहे. खुणांची, म्हणजे त्या कोनी कंसातल्या शब्दांची, नावं मराठीत चालतात का, असं बरेच जण बिचकत विचारतात. चालतात. १० फेब्रुवारी १९९८ ला डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने एक्सएमएल १.० जाहीर केलं तेव्हापासून देवनागरी नावं नियमात बसतात. आकड्यांची गोष्ट मात्र वेगळी. इथे वाचायला सोपे म्हणून मी ते देवनागरीत दाखवले, खऱ्या फाइलमध्ये ते इंग्रजी अंकांत ठेवा. पुढे हिशोब करणारी एक्सपाथ नावाची भाषा देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. बेरीज करायला गेलात तर ‘ही संख्याच नाही’ असं उत्तर येतं. अंक मराठीत दिसायला हवेत ना? मग ते दाखवताना बदलायचे, साठवताना नाही. आपल्या हट्टाशी हेही जुळतंच.

या फाइलकडे नीट पाहा. रंग नाही, तक्ता नाही, अक्षराचा आकार नाही. कुठली गोष्ट काय आहे एवढंच सांगितलं आहे: ही आवक, हा किमान दर. वेब पानाची एचटीएमएल भाषा ‘हे ठळक, हे चौकटीत’ असं सांगत आली, आणि ठळक अक्षरातलं १७०० म्हणजे सर्वसाधारण दर की गोण्यांची संख्या हे त्यातून कळायला मार्ग नसतो. माणूस संदर्भाने ओळखतो. यंत्राला ते सांगावं लागतं.

दुसरा फरक शिस्तीचा. एचटीएमएलमध्ये एखादी खूण बंद करायची राहिली तर ब्राउझर सांभाळून घेतो. एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, पहिल्या चुकीला थांबतो. गोणीत गोण ठेवायची तर आतल्या गोणीचं तोंड आधी शिवलेलं हवं, तसं. नवख्यांना हे जाचक वाटतं. पण ज्या फाइलवरून शेतकऱ्याची पट्टी निघणार आहे तिने अंदाजाने चालू नये, हे मला तरी पटतं.

वाचायचं कसं: गाडीतली घोषणा आणि भिंतीवरचा नकाशा

जावामध्ये एक्सएमएल वाचायच्या दोन जुन्या रीती आहेत आणि त्यांतला फरक कळला की पुढचं बरंच उलगडतं. पहिली रीत डॉम. पार्सर पूर्ण फाइल वाचतो आणि मेमरीत तिचं झाड उभं करतो. स्टेशनच्या भिंतीवर लावलेल्या नकाशासारखं: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सगळं एकदम समोर, हवं तिथे बोट ठेवा. सोयीचं आहे, पण फाइल मोठी असेल तर झाड मूळ फाइलच्या कित्येक पट जागा खातं.

दुसरी रीत सॅक्स. ही गाडीतल्या घोषणेसारखी. ‘पुढील स्टेशन, रबाळे.’ ती झाली की गेली. पार्सर फाइल वाचता वाचता ओरडत जातो: माल सुरू झाला, किमान सुरू झालं, १२०० आलं, किमान संपलं. तुमच्या प्रोग्रॅमने त्या त्या क्षणी काय करायचं ते करावं, मागे वळता येत नाही. हातात एका वेळी एकच घोषणा असते, त्यामुळे फाइल कितीही मोठी असली तरी मेमरी फारशी लागत नाही. विशेष म्हणजे सॅक्स कुठल्या समितीने बनवलेलं नाही. १९९८ मध्ये एक्सएमएलवर काम करणाऱ्या लोकांनी आपसांत चर्चा करून ते ठरवलं, डेव्हिड मेगिन्सन यांनी ते तडीला नेलं, आणि जावाने पुढे ते आपलंसं केलं.

आता मला सगळ्यांत आवडणारी कल्पना. या घोषणा एकाने ऐकायच्या, थोड्या बदलून पुढच्याला ऐकवायच्या, त्याने आणखी बदलून त्याच्या पुढच्याला. अशी साखळी केली तर? अपाचे कोकून हे साधन याच कल्पनेवर उभं राहिलं. स्टेफानो माझोकी यांनी ते सुरू केलं आणि २००१ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत साखळीची रचना पक्की झाली. साखळीत तीन प्रकारचे गडी: पहिला घोषणा निर्माण करतो (फाइलमधून, डेटाबेसमधून, कुठूनही), मधले रूप बदलतात, शेवटचा त्यातून प्रत्यक्ष एचटीएमएल, पीडीएफ किंवा साधा मजकूर बाहेर काढतो. आणि कोणत्या पत्त्यावर कोणती साखळी चालवायची हे एका ‘साइटमॅप’ फाइलमध्ये लिहिलेलं. ‘भाव/कांदा’ मागितलं तर वेब पानाची साखळी, ‘भाव/कांदा/छापील’ मागितलं तर पीडीएफची. पहिला गडी दोन्हींत तोच.

आज नवीन कामासाठी कोकून घ्या असं मी म्हणणार नाही. त्याचा जोर ओसरून बरीच वर्षं झाली. पण ती साखळी डोक्यात बसली की बाकीची साधनं आपोआप जागेवर बसतात, म्हणून मी शिकवताना तिथूनच सुरुवात करतो. जावाच्या बाजूचं बाकी काम सर्व्हलेट नावाचे छोटे प्रोग्रॅम करतात: ब्राउझरची मागणी घ्यायची, साखळी चालवायची, उत्तर परत द्यायचं. त्यांना सांभाळणारा टॉमकॅट हा सर्व्हर मोफत आहे. जुना प्रकल्प हाती आला असेल तर एवढंच लक्षात ठेवा की टॉमकॅट १० पासून ‘जावाएक्स’ या पॅकेजची जागा ‘जकार्ता’ने घेतली, त्यामुळे जुना सर्व्हलेट जसाच्या तसा तिथे चालत नाही.

रूप बदलणारा गडी

साखळीतला मधला गडी म्हणजे एक्सएसएलटी ही भाषा. तिची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ ची. माझ्या पाहण्यात चांगले चांगले जावा प्रोग्रॅमर इथे अडखळतात, आणि त्याचं कारण हुशारी कमी पडते हे नसतं, सवय आड येते. जावामध्ये आपण क्रम सांगतो: आधी हे कर, मग ते, इतक्या वेळा फिर. एक्सएसएलटीमध्ये आपण नियम मांडून ठेवतो. ‘बाजारभाव दिसला तर तक्ता उघड आणि आतल्यांना बोलाव. माल दिसला तर तक्त्यात एक ओळ घाल.’ कोणता नियम कधी लागेल हे समोर येणारी फाइल ठरवते.

आपल्या नमुन्यात लसणाची खूण रिकामी आहे, त्या दिवशी आवकच झाली नाही. जावाच्या सवयीने आपण ‘माल’च्या नियमात ‘जर-तर’ घुसडू. एक्सएसएलटीची रीत अशी की आणखी एक नियम लिहायचा: ‘ज्या मालाला सर्वसाधारण दर नाही तो दिसला, तर ओळीत “आवक नाही” असं लिही.’ आता लसणाला दोन्ही नियम लागू पडतात. अशा वेळी अधिक नेमका नियम जिंकतो, हे भाषेतच ठरलेलं आहे. उद्या बटाट्यासाठी काही वेगळं हवं झालं तर तिसरा नियम येईल. आधीच्या दोघांना हात लावावा लागत नाही, आणि चालू असलेलं बिघडण्याची भीती तिथेच निम्मी होते.

दोन ठेचा सगळ्यांनाच लागतात, म्हणून आधीच सांगतो. एखाद्या खुणेसाठी नियमच लिहिला नाही तर तिच्यातला मजकूर गुपचूप पानावर सांडतो. पानाच्या वरच्या कोपऱ्यात आकड्यांची रांग लागलेली दिसली की समजावं, कुठला तरी नियम राहिला. आणि चलाला, म्हणजे किंमत धरून ठेवणाऱ्या नावाला, एकदा किंमत दिली की ती बदलता येत नाही, त्यामुळे ‘बेरीज शून्यापासून सुरू करून वाढवत नेऊ’ हा मार्ग बंद. एकूण आवक हवी असेल तर सगळ्या आवकांची बेरीज एका दमात मागायची.

जावातून हे चालवताना एक चूक माझ्या हातून झाली होती आणि ती आजही सलते. नियमांची फाइल दर मागणीला नव्याने वाचणं महाग पडतं. म्हणून मी ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ते नियम फाइलला लावणारी जावातली वस्तू, एकदाच बनवून सगळ्या मागण्यांना वाटून दिला. चाचणीत सगळं ठीक. गर्दीच्या वेळी मात्र एका वापरकर्त्याने मागितलेल्या पानावर दुसऱ्याने निवडलेला विभाग दिसू लागला. ट्रान्सफॉर्मर एका वेळी एकानेच वापरायची वस्तू आहे, दोघांनी एकदम धरली की एकाची निवड दुसऱ्याच्या पानात मिसळते. बरोबर रीत अशी: ॲप सुरू होताना नियमांचा ‘टेम्प्लेट्स’ हा पक्का साचा एकदाच तयार करून जपून ठेवायचा. तो सगळ्यांना वाटता येतो. आणि प्रत्येक मागणीला त्या साच्यातून नवा ट्रान्सफॉर्मर काढायचा, ते अगदी स्वस्त असतं.

जावाबरोबर येणारं एक्सएसएलटीचं यंत्र पहिल्या आवृत्तीपुरतंच आहे. गटवार मांडणी, तारखा, जेसन (माहिती लिहायची दुसरी, हलकी रीत) अशी कामं असतील तर मायकेल के यांचं सॅक्सन घ्या. त्याची मोफत आवृत्तीही एक्सएसएलटीच्या २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीतलं बहुतेक सगळं करते. ब्राउझरमध्ये थेट एक्सएसएलटी चालवायची सोय होती, पण २०२५ मध्ये क्रोमने ती काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. सर्व्हरवरच्या साखळीला त्याने काहीच फरक पडत नाही. ब्राउझरपर्यंत तयार एचटीएमएलच जातं.

छापील पत्रक, आणि ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द

वेब पान जमलं की लोक सुटकेचा श्वास सोडतात. खरी परीक्षा कागदाची असते. कागदाला कडा असतात. तक्ता दुसऱ्या पानावर गेला तर रकान्यांची शीर्षकं तिथे पुन्हा यायला हवीत, पानाचा क्रमांक हवा, शेवटची एकटी ओळ पुढच्या पानावर लटकू नये. यासाठी एक्सएसएल-एफओ ही खुणांची वेगळी भाषा २००१ मध्ये आली. तिच्यात पानाचा आकार, समास, तक्ते, परिच्छेद सांगायचे, आणि अपाचे एफओपी हे जावातलं साधन त्यातून पीडीएफ बनवतं. म्हणजे साखळी अशी: भावाची फाइल, मग छापील नियमांची एक्सएसएलटी, मग एफओपी. भावाच्या फाइलला कोणी हात लावलेला नाही.

आणि मग पहिली पीडीएफ उघडता तेव्हा कांद्याच्या जागी ओळीने चौकटी खुणा, म्हणजे फोनवरचं ते ‘हॅश’चं बटण, दिसतात. घाबरू नका. पीडीएफच्या मूळ १४ टंकांत (फॉन्टमध्ये) देवनागरी नाही, आणि अक्षर सापडलं नाही की एफओपी ही खूण छापतं. देवनागरीचा टंक, नोटो किंवा मुक्ता, एफओपीच्या मांडणी-फाइलमध्ये नोंदवायचा. मग अक्षरं येतात.

नुसती अक्षरं येऊन भागत नाही. ‘किमान’मधली पहिली वेलांटी मेमरीत ‘क’च्या नंतर असते आणि डोळ्यांना ती आधी दिसायला हवी. जोडाक्षरांत तर तीन-चार चिन्हांचं मिळून एक रूप होतं. एफओपीमध्ये ही जुळणी २०१२ च्या १.१ आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या आवृत्तीवर अडकलेला प्रकल्प असेल तर टंक बदलत बसू नका, आवृत्ती बदला. शिवाय मजकुराची भाषा मराठी आणि लिपी देवनागरी असल्याचं एफओमध्ये स्पष्ट लिहा. मराठी ‘ल’ आणि ‘श’ची वळणं हिंदीहून वेगळी असतात, आणि चांगल्या टंकात दोन्ही असली तरी कोणतं घ्यायचं हे त्याला सांगावं लागतं.

माझा तपासणीचा शब्द एकच आहे: ‘शेतकऱ्यांना’. त्यातला ‘ऱ्या’ हा आडव्या, पापणीसारख्या ‘र’चा. हिंदीत त्याची गरज नाही म्हणून अनेक साधनांत तो दुर्लक्षित राहतो आणि पानावर ‘शेतकर्यांना’ किंवा पाय मोडलेलं काहीतरी उमटतं. छापलेल्या पत्रकावर हा शब्द नीट आला तर बाकीचं बहुधा नीट येतं. पडद्यावर नाही, कागदावर छापून पाहा. ज्याच्यासाठी पत्रक काढलं त्याचंच नाव त्यावर मोडलेलं असावं, हे मला सहन होत नाही.

वेब पानावर मराठीची ‘प्रश्नचिन्हं’ होणं हा जुना त्रास, त्याचं कारण बहुतेक वेळा एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची रीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘कांदा’ म्हणजे पाच चिन्हं, पंधरा बाइट. मधल्या कोणी एका बाइटला एक अक्षर समजून वाचलं की कांद्याचे पंधरा तुकडे होतात. २०२२ च्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हीच मूळ रीत आहे, त्याआधीच्या जावामध्ये विंडोज सर्व्हर आपली वेगळीच रीत लावत असे. तरीही फाइल उघडताना आणि उत्तर पाठवताना एन्कोडिंग दर वेळी स्वतः लिहा.

सुरक्षेचं एक कलम टाळून चालणार नाही. एक्सएमएलमध्ये फाइलच्या सुरुवातीला ‘या शब्दाचा अर्थ अमुक’ अशा व्याख्या देता येतात. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये कोणी ‘या शब्दाचा अर्थ म्हणजे सर्व्हरवरची पासवर्डची फाइल’ असं लिहिलं, तर भोळा पार्सर ती उघडून मजकुरात भरतो. दुसरा प्रकार व्याख्यांच्या उतरंडीचा: एक शब्द म्हणजे खालचे दहा, त्यांतला प्रत्येक म्हणजे आणखी दहा. नऊ पायऱ्यांत शंभर कोटी शब्द होतात आणि एक केबीचीही नसलेली फाइल सर्व्हर आडवा करते. दोन्हींवर उपाय एकच ओळ: पार्सरला अशा व्याख्यांची घोषणाच नाकारायला सांगायचं. बाहेरची फाइल घेणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ती ओळ आहे का, हे मी कोड तपासताना सगळ्यांत आधी पाहतो.

मग सगळीकडे एक्सएमएलच वापरायचं का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. मोबाईल ॲपला चार आकडे द्यायचे असतील तर जेसन हलकं आणि पुरेसं आहे. आयकर विवरणपत्रांची फाइलही पूर्वी एक्सएमएल होती, २०२१ पासून ती जेसन झाली, आणि ते योग्यच झालं. पण जिथे मजकूर आहे, मजकुरात मजकूर आहे, एका दस्तऐवजाची अनेक रूपं निघायची आहेत, त्यावर सही टिकवायची आहे, तिथे एक्सएमएलला मला अजून पर्याय दिसत नाही. वर्डची फाइल घ्या, तिच्या नावाचा शेवट बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आत एक्सएमएलच असतं. ई-पुस्तकांची ईपब फाइल तशीच. आधारची ऑफलाइन ई-केवायसी म्हणजे कुलूप लावलेल्या झिपमध्ये सही केलेलं एक्सएमएल. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस २०१३ पासून एक्सएमएलवर आधारलेल्या आयएसओ २००२२ या संदेशपद्धतीवर चालते. आपण त्याला रोज हात लावतो, फक्त ते दिसत नाही.

मागच्या महिन्यात हा नमुना घरी बाबांना दाखवला. ठाण्याच्या घरातल्या प्रिंटरवर पत्रक छापलं. त्यांनी चष्मा लावून आधी बेरीज तपासली, मग म्हणाले, “अरे, कालच्या भावाशी फरक कुठाय? माणूस आधी तेच बघतो. नुसते १७०० त्याला काय सांगतात?”

“घालतो बाबा,” मी म्हणालो.

भावाच्या फाइलमध्ये सर्वसाधारण दराजवळ ‘काल’ नावाचा एक गुण (ॲट्रिब्यूट) वाढवला. वेबच्या नियमांत एक रकाना, मोबाईलच्या नियमांत एक ओळ. छापील नियमांत मात्र जागा पुरेना, तिथे आवकेचा रकाना अरुंद करून ‘क्विंटल’ हा शब्द शीर्षकात न्यावा लागला. जावाच्या कोडला हात लागला नाही. पाऊण तास गेला, त्यातला अर्धा त्या रकान्याच्या रुंदीत. दुसरा कागद बाबांनी खिडकीशी उजेडात धरला, फरकाचा रकाना बोटाने वरपासून खालपर्यंत वाचला, आणि लसणाच्या ओळीवर थांबून विचारलं, “आज आवक नाही, पण कालचा भाव तर होता ना? तो का नाही छापलास?”

त्याचा नियम अजून लिहायचा आहे.